कर्नेलच्या एक्सेप्शन हाताळणीतील नावांमध्ये सुसंगती कशी आणावी?

प्रश्न

नमस्कार. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवतो. आमच्याकडे ६४ बिटी एक्स८६ प्रोसेसरांसाठी लिहिलेले एक छोटे कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) गेली काही वर्षे प्रात्यक्षिकांसाठी वापरात आहे आणि दरवर्षीची तुकडी त्यात काही ना काही भर घालून जाते. फंक्शनांची नावे मी येथे देवनागरीत लिहीत आहे. मूळ कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत आहेत.

प्रत्येक तुकडीने समोर जो नमुना होता त्याप्रमाणे नावे दिली, त्यामुळे एक्सेप्शन (सूचना चालवताना प्रोसेसरसमोर उद्भवलेली असाधारण स्थिती) हाताळणीच्या एकाच फाइलमध्ये शून्याने भागाकारासाठी ‘डिव्हाइड_एरर_हँडलर’, पेज फॉल्टसाठी ‘डू_पेज_फॉल्ट’, जनरल प्रोटेक्शनसाठी ‘हँडल_जीपीएफ’, अवैध ओपकोडसाठी नुसतेच ‘ट्रॅप_६’ आणि ब्रेकपॉइंटसाठी ‘ब्रेकपॉइंट_फॉल्ट’ अशी नावे शेजारी शेजारी नांदत आहेत. असेम्ब्लीतील प्रवेशबिंदूंची गत याहून वाईट आहे: काही ‘आयएसआर_१३’ असे व्हेक्टरच्या, म्हणजे प्रोसेसरने त्या घटनेला दिलेल्या, क्रमांकावरून, तर काही ‘एंट्री_डीबग’ असे घटनेवरून ओळखले जातात. स्टॅकवर जतन केलेल्या रजिस्टरांच्या स्ट्रक्चरला एका फंक्शनात ‘रेग्ज’, दुसऱ्यात ‘फ्रेम’ आणि तिसऱ्यात ‘टीएफ’ म्हटले आहे, तर एरर कोडसाठी चार वेगवेगळी नावे आहेत.

ही केवळ दिसण्याची बाब आहे, असे मी बरीच वर्षे समजत होतो. गेल्या सत्रात तो समज मोडला. एक विद्यार्थिनी आमच्या कर्नेलसाठी साधा डीबगर लिहीत होती. सूचनेचा पहिला बाइट काढून तेथे २०४ हा ब्रेकपॉइंटचा बाइट ठेवायचा, एक्सेप्शन आले की मूळ बाइट परत लिहायचा आणि तीच सूचना पुन्हा चालवायची, अशी तिची रीतसर रचना होती. हँडलरच्या नावात ‘फॉल्ट’ हा शब्द होता, आणि फॉल्टमध्ये जतन झालेला पत्ता त्याच सूचनेचा असतो हे मीच वर्गात शिकवले होते, म्हणून तिने पत्त्यात काही बदल केला नाही. प्रत्यक्षात एक्स८६ वर ब्रेकपॉइंट हा ट्रॅप आहे, म्हणजे जतन झालेला पत्ता त्या बाइटच्या पुढचा असतो आणि तो एकने कमी करावा लागतो. ज्या फंक्शनावर तिने ब्रेकपॉइंट ठेवला होता त्याची पहिली सूचना होती आरबीपी रजिस्टर स्टॅकवर ढकलण्याची, जी नेमकी एका बाइटची असते. त्यामुळे ती सूचना गुपचूप वगळली गेली, फंक्शन व्यवस्थित चालले आणि परतताना मात्र चुकीचा शब्द परतीचा पत्ता म्हणून उचलला जाऊन यंत्र कोसळले. दोष सापडायला आम्हाला चार दिवस लागले. चूक तिची नव्हती. आम्ही ठेवलेले नाव तिला खोटे सांगत होते.

आता मला सगळी नावे एकदा नीट लावायची आहेत. सर्वसमावेशक शब्द म्हणून ट्रॅप, फॉल्ट, एक्सेप्शन आणि इंटरप्ट यांपैकी कोणता घ्यावा? असेम्ब्लीतील नाव आणि त्याच्या मागचे सी भाषेतील नाव यांचे नाते कसे ठेवावे? पुढच्या वर्षी हे कर्नेल रिस्क-व्ही या दुसऱ्या प्रोसेसर-आर्किटेक्चरवर न्यायचे आहे, तर आत्ताच कोणती काळजी घ्यावी? आणि चालू कोड न मोडता हे नामांतर कसे पार पाडावे?

पहिले उत्तर

आपण सांगितलेला प्रसंग वाचून प्रथम एक गोष्ट वेगळी काढावीशी वाटते. आपल्याकडे दोन प्रकारची विसंगती आहे. ‘डू’, ‘हँडल’ आणि ‘हँडलर’ हा भेद त्रासदायक असला तरी कोणाची दिशाभूल करत नाही. ‘ब्रेकपॉइंट_फॉल्ट’ मात्र चुकीचे विधान करते. दुसऱ्या प्रकारची नावे आधी शोधून दुरुस्त करावीत आणि त्यानंतरच पहिल्या प्रकाराकडे वळावे, कारण सगळी नावे एकाच साच्यात घालण्याच्या उत्साहात खोटे नावही साच्यात नीट बसते आणि मग ते अधिकच विश्वासार्ह दिसू लागते.

इंटेलच्या नियमपुस्तिकेत एक्सेप्शन हा वरचा शब्द आहे आणि त्याचे फॉल्ट, ट्रॅप व ॲबॉर्ट असे तीन वर्ग आहेत. फॉल्टमध्ये जतन झालेला पत्ता दोषी सूचनेचा असतो, ट्रॅपमध्ये तिच्या पुढच्या सूचनेचा, आणि ॲबॉर्टमध्ये कार्यक्रम पुन्हा सुरू करता येईल याची हमीच नसते. दुहेरी फॉल्ट आणि मशीन चेक हे ॲबॉर्ट आहेत. त्यातही व्हेक्टर १ चे डीबग एक्सेप्शन दोन्हीकडे बसते, कारण सूचनेवरचा हार्डवेअर ब्रेकपॉइंट हा फॉल्ट असतो आणि डेटावरचा ट्रॅप असतो. म्हणून वर्गाचे नाव हँडलरच्या नावात घालूच नये असे माझे ठाम मत आहे. ‘पेज फॉल्ट’ किंवा ‘दुहेरी फॉल्ट’ ही घटनेची रूढ विशेषनामे आहेत, ती तशीच राहू द्यावीत. पण आपल्याकडून नव्याने ‘फॉल्ट’ किंवा ‘ट्रॅप’ असे शेपूट जोडू नये.

दोन थरांच्या नात्याबद्दल लिनक्सचा अनुभव उपयोगी पडेल. तेथेही अनेक वर्षे असेम्ब्लीत ‘पेज_फॉल्ट’ आणि सी मध्ये ‘डू_पेज_फॉल्ट’, असेम्ब्लीत ‘इंट३’ आणि सी मध्ये ‘डू_इंट३’ अशी पद्धत होती. त्यात अडचण अशी की ‘डू’ हा उपसर्ग कर्नेलमध्ये सगळीकडे वापरला जातो. त्यावरून हे फंक्शन थेट प्रवेशबिंदूवरून बोलावले जाते की आतून कोठून तरी, हे कळत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.८ या आवृत्तीत थॉमस ग्लाइक्सनर आणि सहकाऱ्यांनी एक्स८६ चा प्रवेश-कोड नव्याने मांडला, तेव्हा सी मधील प्रवेशफंक्शनांना ‘एक्स्क_’ आणि त्यांच्या असेम्ब्लीतील जोडीदारांना ‘एएसएम_एक्स्क_’ हे उपसर्ग देण्यात आले. आता ‘एएसएम_एक्स्क_पेज_फॉल्ट’ हा व्हेक्टर १४ चा प्रवेशबिंदू आहे आणि ‘एक्स्क_पेज_फॉल्ट’ हे तो ज्याला बोलावतो ते फंक्शन. टायमरसारख्या सिस्टिम व्हेक्टरांना ‘सिसव्हेक_’ हा निराळा उपसर्ग मिळाला, त्यामुळे एक्सेप्शन आणि इंटरप्ट नावातच वेगळे झाले.

या बदलाचे खरे मोल उपसर्गाच्या नेटकेपणाहून मोठे आहे. ‘एक्स्क_’ ने सुरू होणारे फंक्शन चालू होते त्या क्षणी कर्नेलची अवस्था अजून पूर्ण स्थिर झालेली नसते, त्यामुळे तेथे ट्रेसिंग किंवा कोणतीही मोजमापाची साधने चालू देता येत नाहीत. त्याच आवृत्तीत अशा कोडला वेगळ्या विभागात ठेवण्याची ‘नोइन्स्ट्र’ ही खूण रुजली. प्रवेशाची औपचारिकता उरकल्यानंतर जे खरे काम होते ते ‘हँडल_’ किंवा ‘डू_’ नावाच्या आतल्या फंक्शनांत होते, उदाहरणार्थ ‘एक्स्क_इंट३’ च्या आत ‘डू_इंट३’. नाव वाचताच कोणते नियम लागू आहेत हे वाचणाऱ्याला कळते, आणि आपल्या विद्यार्थ्यांनाही नेमके हेच कळायला हवे आहे. आपले कर्नेल छोटे आहे म्हणून हा भेद अनावश्यक आहे असे समजू नये. इंटरप्ट बंद असताना चालणारे फंक्शन आणि ते सुरू केल्यानंतर चालणारे फंक्शन हा भेद कितीही छोट्या कर्नेलमध्ये असतोच.

आणखी एक बारकावा. जुन्या लिनक्समध्ये बरीचशी साधी हँडलरे एका मॅक्रोने तयार होत आणि तो मॅक्रो दिलेल्या शब्दाला ‘डू_’ चिकटवून नाव घडवत असे, त्यामुळे ‘डू_डिव्हाइड_एरर’ हे शोधले तर त्याची व्याख्या कोठेच सापडत नसे. नव्या मॅक्रोंना ‘एक्स्क_डिव्हाइड_एरर’ हे पूर्ण नाव दिले जाते आणि केवळ असेम्ब्लीचा उपसर्ग मॅक्रो जोडतो. आपणही मॅक्रो वापरत असाल तर सी मधील पूर्ण नाव कोडमध्ये अक्षरशः लिहिलेले राहील अशीच रचना करावी.

एरर कोड येतो की नाही, हेही नावात घालण्याचा मोह होतो. प्रोसेसर ८, १० ते १४, १७ आणि २१ या व्हेक्टरांवर एरर कोड स्टॅकवर ठेवतो, इतर बहुतेकांवर ठेवत नाही, आणि जेथे तो येत नाही तेथे प्रवेशबिंदूने एक पोकळ शब्द ढकलला नाही तर परतताना स्टॅक ८ बाइटांनी चुकतो. ही माहिती अत्यंत महत्त्वाची आहे, पण तिची जागा फंक्शनाच्या नावात नसून घोषणेच्या मॅक्रोत आहे: एरर कोडवाल्यांसाठी एक मॅक्रो, बाकीच्यांसाठी दुसरा.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु रिस्क-व्ही चा विचार करता ‘एक्सेप्शन’ हा शब्द सर्वत्र वरचा म्हणून लावण्यास माझा आक्षेप आहे. हे शब्द प्रत्येक आर्किटेक्चरच्या नियमपुस्तिकेत निरनिराळ्या अर्थाने बांधलेले आहेत आणि एका ठिकाणचा अर्थ दुसरीकडे नेला की आपल्या विद्यार्थिनीवर आला तसाच प्रसंग पुन्हा येईल.

रिस्क-व्ही मध्ये चालू सूचनेमुळे उद्भवलेली असाधारण स्थिती म्हणजे एक्सेप्शन, चालू सूचनेशी संबंध नसलेली, बाहेरून येणारी घटना म्हणजे इंटरप्ट, आणि या दोहोंमुळे नियंत्रण हँडलरकडे जाणे म्हणजे ट्रॅप. म्हणजे इंटेलकडे ट्रॅप हा एक्सेप्शनचा पोटप्रकार आहे, तर येथे तो सर्वांत व्यापक शब्द आहे. आर्म६४ कडे (आर्मच्या ६४ बिटी आर्किटेक्चरकडे) पाहिले तर तेथे इंटरप्टसुद्धा एक्सेप्शनमध्येच मोडतात. त्याच्या व्हेक्टर तक्त्यात प्रत्येकी १२८ बाइटांच्या १६ नोंदी असतात आणि त्यांत सिंक्रोनस, आयआरक्यू, एफआयक्यू व एस-एरर हे चार प्रकार चार गटांत पुन्हा पुन्हा येतात. सर्वांत घातक शब्द ‘ॲबॉर्ट’ आहे: इंटेलच्या भाषेत जेथून परत येण्याची हमी नाही ते ॲबॉर्ट, आणि आर्मच्या भाषेत साधा, दर सेकंदाला असंख्य वेळा घडणारा पेज फॉल्टसुद्धा ‘डेटा ॲबॉर्ट’. हे दोन्ही शब्द एकाच सामायिक फाइलमध्ये आले तर वाचणाऱ्याने काय समजावे?

म्हणून आर्किटेक्चरच्या निर्देशिकेत त्या त्या नियमपुस्तिकेचे शब्द जसेच्या तसे ठेवावेत, जेणेकरून विद्यार्थी पुस्तिका उघडून तोच शब्द शोधू शकेल. आणि सामायिक कोडमध्ये हे शब्द अजिबात न आणता घटनेचे नाव घ्यावे. मेमरीत नसलेल्या पानाची सोय करणारे फंक्शन ‘हँडल_पेज_फॉल्ट’ असो, मग त्याला एक्स८६ वर व्हेक्टर १४ मधून, रिस्क-व्ही वर कारण क्रमांक १२, १३ किंवा १५ मधून आणि आर्म६४ वर ॲबॉर्टमधून बोलावलेले असो.

आर्म६४ च्या नामांतराचा दाखला मला अधिक शिकवणारा वाटतो. लिनक्समध्ये तेथील प्रवेशबिंदूंना पूर्वी ‘ईएल१_सिंक’, ‘ईएल०_आयआरक्यू’ अशी नावे होती. ती वाचायला सुटसुटीत होती, पण तक्त्यातील १६ पैकी नेमकी कोणती नोंद हे त्यांवरून पूर्ण कळत नसे. २०२१ मध्ये, ५.१४ या आवृत्तीत, ‘ईएल१एच_६४_सिंक’ आणि ‘ईएल०टी_३२_आयआरक्यू’ अशी नावे आली, ज्यांत कोणत्या पातळीवरून, कोणत्या स्टॅक पॉइंटरसह, ६४ की ३२ बिटी अवस्थेतून आणि कोणत्या प्रकारचे, हे चारही घटक ठरलेल्या क्रमाने येतात. यामुळे जी नोंद कधीच घडू नये तिलाही याच साच्यातले नेमके नाव मिळाले, आणि ती घडलीच तर पडद्यावर येणारा संदेश नेमके काय घडले ते सांगू लागला. नाव लांबले हे खरे, पण तक्ता नियमित असेल तर नावांनीही त्याच नियमाने चालावे, ही गोष्ट मला पटते.

उपसर्गांच्या टकरीकडेही लक्ष द्यावे. लिनक्समध्ये पेज फॉल्टच्या एरर कोडचे बिट पूर्वी ‘पीएफ_प्रॉट’, ‘पीएफ_राइट’ असे लिहिले जात, परंतु ‘पीएफ_’ याच उपसर्गाने प्रक्रियेचे झेंडेही लिहिले जातात आणि नेटवर्कचे प्रोटोकॉल कुळही. २०१७ च्या अखेरीस त्या बिटांना ‘एक्स८६_पीएफ_’ असा उपसर्ग मिळाला. आपल्या कर्नेलमध्ये ‘पीएफ_’ असेल तर तो आत्ताच बदलावा. दुसरे आर्किटेक्चर आले की हे काम दुप्पट होते.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. ‘नियमपुस्तिकेचा शब्द आर्किटेक्चरच्या निर्देशिकेत आणि घटनेचे नाव सामायिक कोडमध्ये’ ही विभागणी मला लगेच पटली, कारण वर्गात समजावून सांगण्यासही ती सोपी आहे. एक्स८६ च्या भागात ‘एक्स्क_’ आणि ‘एएसएम_एक्स्क_’ घ्यायचे, जतन केलेल्या रजिस्टरांना सर्वत्र ‘रेग्ज’ आणि एरर कोडला ‘एरर_कोड’ म्हणायचे, असे मी ठरवत आहे.

एक शंका मात्र उरते. ब्रेकपॉइंटचा पत्ता एकने कमी करण्याचे काम आता सामायिक डीबगरमध्ये आहे, आणि रिस्क-व्ही वर ते चुकीचे ठरेल असे वाटते. हाही नावाचाच प्रश्न मानावा की रचनेचा? शिवाय नामांतर प्रत्यक्ष कसे करावे यावर कोणी अनुभवाने लिहिले तर फार उपयोग होईल, कारण आमच्या परीक्षण-स्क्रिप्ट आणि जीडीबी या डीबगरच्या फाइलींमध्ये ही जुनी नावे जागोजागी आहेत.

तिसरे उत्तर

आपली शंका रास्त आहे आणि ती दोन्ही प्रकारची आहे. रिस्क-व्ही वर ‘ईब्रेक’ सूचनेनंतर जतन होणारा पत्ता त्या सूचनेचाच असतो, म्हणून तेथे काहीही वजा करायचे नसते. उलट ‘ईकॉल’ ने सिस्टिम कॉल केल्यावरही पत्ता त्याच सूचनेचा राहतो, म्हणून परतण्यापूर्वी त्यात ४ मिळवावे लागतात, नाहीतर तोच कॉल अखंड होत राहतो. आर्म६४ वर ब्रेकपॉइंटचा पत्ता सूचनेचाच, पण सिस्टिम कॉलचा पत्ता पुढचा. म्हणजे हे गणित कोणत्याही शब्दावरून अनुमानाने काढता येत नाही. त्यासाठी प्रत्येक आर्किटेक्चरने एक लहानसे फंक्शन द्यावे, ज्याचे नाव प्रश्न सांगेल, उत्तर कसे काढले ते सांगणार नाही. लिनक्सच्या यूप्रोबमध्ये (चालू प्रोग्रॅममध्ये तपासबिंदू बसवण्याच्या सोयीत) ‘यूप्रोब_गेट_एसडब्ल्यूबीपी_ॲडर’ हे असेच फंक्शन आहे. त्याची सर्वसाधारण आवृत्ती सूचनेची लांबी वजा करते आणि आर्म६४ ने स्वतःची आवृत्ती देऊन पत्ता आहे तसा परत केला आहे.

आपल्या समाधानासाठी सांगतो, ही चूक केवळ विद्यार्थ्यांच्या कोडमध्ये आढळते असे नाही. फ्रीबीएसडी मध्ये एक्स८६ च्या ब्रेकपॉइंटचा स्थिरांक आजही ‘टी_बीपीटीएफएलटी’ म्हणजे ब्रेकपॉइंट ‘फॉल्ट’ असाच आहे. तेथे ‘टी_पेजएफएलटी’ चे मूल्य १२ आहे, हार्डवेअरचा व्हेक्टर मात्र १४. ज्यांना हा इतिहास ठाऊक आहे त्यांना अडचण येत नाही, पण शिकवणीच्या कर्नेलमध्ये असे काही ठेवू नये. स्थिरांकाचे मूल्य हार्डवेअरच्या क्रमांकाशी जुळलेच पाहिजे.

आता नामांतराविषयी. मी व्यवसायाने एम्बेडेड क्षेत्रात काम करतो आणि अशा सफाया अनेकदा केल्या आहेत, त्यांतल्या एकीत पुरता फसलोही आहे: नाव बदलताना सहज म्हणून एका हँडलरमधील इंटरप्ट सुरू करण्याची ओळ दोन ओळी वर नेली, आणि तीनशे ओळींच्या निरुपद्रवी बदलांत ती कोणाच्याही नजरेस पडली नाही. तेव्हापासून नामांतराच्या कमिटमध्ये (गिटमध्ये एकत्र नोंदवलेल्या बदलांत) वर्तनाचा एकही बदल नको, हा नियम मी मोडलेला नाही. आपल्याकडे खोटी नावे आहेत, ती प्रत्येकी स्वतंत्र कमिटमध्ये दुरुस्त करावीत आणि संदेशात हे नाव का खोटे होते ते लिहावे. उरलेली साचेबद्ध नामांतरे एका कमिटमध्ये चालतील.

वर्तन बदलले नाही याची खात्री यंत्राकडूनच करून घेता येते. नामांतरापूर्वीचे आणि नंतरचे कर्नेल त्याच कंपायलरने, त्याच पर्यायांनी बांधावे आणि दोन्हींतील मशीन कोडचा विभाग बाइटागणिक ताडून पाहावा. येथे एक खाच आहे: फंक्शनाचे नाव छापणारे संदेश किंवा ओळ क्रमांक टिपणारे असर्शन असतील तर मजकुराची लांबी आणि त्यामुळे पत्तेही बदलतात, म्हणून तुलनेपुरती ती बंद करून बांधावे. तरीही फरक उरला तर तो समजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सी मधील नामांतरासाठी कॉक्सिनेल हे साधन चांगले आहे, कारण ते नुसता मजकूर न जुळवता वाक्यरचना ओळखून बदल करते, परंतु असेम्ब्लीच्या फाइली, लिंकर स्क्रिप्ट आणि मॅक्रोने जोडून बनणारी नावे त्याच्या कक्षेत येत नाहीत. ती हातानेच शोधावी लागतात. असेम्ब्लीतील राहून गेलेले नाव निदान लिंक करताना सापडते. जीडीबीच्या फाइलीत राहून गेलेले नाव मात्र काम थांबवत नाही, ब्रेकपॉइंट बसत नाही एवढेच, आणि परीक्षण यशस्वी झाल्यासारखे दिसते. लिनक्समध्ये आतल्या फंक्शनांच्या नावांवर केप्रोब (चालू कर्नेलमध्ये बसवलेले तपासबिंदू) लावणाऱ्या बाहेरच्या स्क्रिप्टांची नामांतरानंतर अशीच अडचण होते. ५.८ मधील बदलानंतर ज्यांनी ‘एक्सेप्शन्स’ गटातील ‘पेज_फॉल्ट_यूजर’ आणि ‘पेज_फॉल्ट_कर्नेल’ हे ट्रेसपॉइंट (कोडमध्येच ठेवलेले नोंदबिंदू) वापरले होते त्यांना काही करावे लागले नाही, कारण आतील फंक्शनाचे नाव बदलले तरी ट्रेसपॉइंटचे नाव तेच राहिले. आपल्या परीक्षणांनाही फंक्शनांच्या नावांऐवजी असे एखादे स्थिर नाव द्यावे. पडद्यावर छापले जाणारे संदेश या फेरीत बदलू नयेत, कारण परीक्षणे बहुधा त्यांच्यावरही अवलंबून असतील.

साचेबद्ध नामांतराच्या कमिटचा क्रमांक ‘गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’ फाइलीत नोंदवावा. गिटच्या २.२३ आवृत्तीपासून ब्लेम पाहताना अशी कमिटे वगळता येतात, त्यामुळे कोणती ओळ मुळात कोणत्या तुकडीने लिहिली हे पुढेही कळत राहील. खोटे नाव दुरुस्त करणारी कमिटे मात्र त्या फाइलीत घालू नयेत. ‘ब्रेकपॉइंट_फॉल्ट’ का गेले, हे पुढच्या तुकडीला त्या ओळीवर ब्लेम पाहताच दिसले पाहिजे.

प्रश्नकर्ता

तुलनेची युक्ती आजच करून पाहिली. ओळ क्रमांक छापणारी असर्शने बंद केल्यावर दोन्ही कर्नेलांतील मशीन कोड तंतोतंत जुळला, अपवाद एका हँडलरचा. तेथे एका जुन्या तुकडीने ‘एर’ या नावाचा स्थानिक चल त्याच नावाच्या पॅरामीटरला झाकेल अशा रीतीने आतल्या ब्लॉकमध्ये घोषित केला होता, आणि मी दोन्हींना ‘एरर_कोड’ म्हणण्याऐवजी फक्त बाहेरच्याचे नाव बदलताना आतल्या ब्लॉकमधील एका ओळीतलेही ‘एर’ बदलल्याने तिचा अर्थ बदलला होता. ती ओळ सेगमेंट नॉट प्रेझेंटच्या हँडलरमध्ये आहे, जे आमच्या कोणत्याच परीक्षणात चालत नाही. नामांतर तेवढ्यापुरते मागे घेतले आहे आणि आतल्या चलाला वेगळे नाव देणारी स्वतंत्र कमिट आधी पाठवत आहे.